अंबूबाईचा गार डबा

नागलीच्या पिठात उकळतं पाणी ओतून अंबूबाईने लगेच हात घातला. चटका बसला, पण पीठ गरम असतानाच मळून घ्यावं लागतं, नाहीतर थापताना भाकरीला चिरा पडतात. चुलीशेजारी सून मीना लेकीचे केस विंचरत होती आणि सहा वर्षांची योगिता काही मान स्थिर ठेवत नव्हती. दहाच्या जीपने मायलेकी करंजपाड्याला निघणार होत्या. मीनाचं ते माहेर. उद्या तिच्या भावाची हळद, परवा लग्न.

“आजी, मी हळदीला नाचनार.”

“नाच ना. पन आता मान सरळ धर, नायतर एक वेणी हरसूलकडं जाईल नि एक नाशिकला.”

“आई, हिच्या हिरव्या बांगड्या कुठं हायेत?” मीनाने विचारलं.

“फळीवर बघ, मिठाच्या बरणीमागं.”

तेवढ्यात दार वाजलं.

दार नुसतं लोटलेलं होतं, शेळीचं करडू आत शिरून पिठात तोंड घालतं म्हणून. पाड्यावर दार वाजवायची रीत नाही. येणारा माणूस खालच्या आंब्यापासूनच हाक देतो आणि हाकेमागोमाग घरात येतो. दार वाजवतो तो एकतर परका असतो, नाहीतर त्याला जे सांगायचं ते तोंडातून निघत नसतं. अंबूबाईने पिठाचे हात तसेच ठेवून म्हटलं, “कोन हाय? या की आत.”

दारात स्नेहल सिस्टर उभी होती. तीन वर्षांपूर्वी येवल्याकडून इथल्या आरोग्य केंद्रात बदलून आलेली नर्स. एरवी ही पोरगी चढ चढतानाच ओरडायची, “मावशी, चहा टाका, जीव गेला माझा!” आज ती दार वाजवून उभी होती, आणि चहाचं नावही काढत नव्हती. तिच्यामागे वेदिका मॅडम होत्या. लसीने मुलांच्या अंगात खरंच ताकद येते की नाही, ते तपासायचं काम करणाऱ्या नाशिकच्या संशोधक बाई. दोन महिन्यांपूर्वी त्या चारही पाड्यांवर येऊन मुलांच्या बोटांतून रक्ताचा थेंब थेंब कागदावर घेऊन गेल्या होत्या. तेव्हा रडणारी पोरं मांडीवर घट्ट धरून बसली होती ती अंबूबाईच.

“निकाल आला का मॅडम?”

“आलाय.” वेदिका मॅडम उंबऱ्याशीच थांबल्या. “मावशी, आधी एक कराल? लसीचा डबा तुम्ही कसा भरता, ते मला दाखवा. अगदी पहिल्यापासून. काही गाळू नका.”

अंबूबाई हसली. हे विचारायला एवढ्या लांबून? डबा भरणं म्हणजे तिचा हातखंडा. तिने हात धुतले, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि मीनाला म्हणाली, “तेवढ्या भाकरी तू थाप गं.”

त्या डब्याची आणि तिची गाठ पडून एकोणीस वर्षं झाली होती. आरोग्य केंद्र खालच्या गावात, पाड्यांवर तेव्हा गाडी चढत नव्हती. लसीचा निळा डबा पायी वर नेणारं कुणीतरी हवं होतं. सोमाने, तिच्या नवऱ्याने, नाही म्हटलं. “इखाचा डबा डोक्यावर घ्यायचा नि लोकांच्या शिव्या खायच्या, ते तुला कुनी सांगितलंय?” ती दुसऱ्या दिवशी पहाटे खाली उतरली. का, ते तिने सोमालाही नीट कधी सांगितलं नाही. ती नऊ वर्षांची असताना तिची पाठची बहीण ठकी गेली होती. आधी घसा दुखायला लागला, मग मान बैलासारखी सुजली, मग आवाज गेला. चार दिवस ती पोर नुसती बघत राहिली, बोलता येत नव्हतं म्हणून. आईने तूप चाटवलं, भगताने राख लावली. पुढे कितीतरी वर्षांनी केंद्रात भिंतीवरचं चित्र बघून अंबूबाईने विचारलं तेव्हा तिला त्या आजाराचं नाव कळलं. घटसर्प. आणि त्यावर सुई असते, हेही त्याच दिवशी कळलं.

दर बुधवारी लसीकरण. चारला उठायचं, साडेपाचला केंद्रावर, आठच्या आत परत वर. उशीर चालत नाही, कारण नऊपर्यंत बाया पोरं घेऊन मजुरीला निघून जातात. पहिल्या वर्षी तर कुणी दारात उभं करत नव्हतं. भागीबाईने केरसुणी उगारली होती. “तुझ्या डब्यातलं काय बी माझ्या नातवंडांना नको!” अंबूबाई तिच्या ओट्यावर बसली आणि दिवसभर तिचे उडीद निवडून दिले. दुसऱ्या बुधवारी पुन्हा तेच. तिसऱ्या बुधवारी भागीबाई म्हणाली, “औषधाचं मला काय कळत नाय. तुझ्याकडं बघून देते.” आणि भागीबाईने दिली म्हटल्यावर बाकीच्या घरांचीही दारं उघडली. तेव्हापासून लसीकरण भागीबाईच्याच ओट्यावर होतं. चारही पाड्यांत आज एक मूल असं नाही ज्याचं कार्ड अपुरं आहे. केंद्रावर मोठे साहेब आले की डॉक्टर अभिमानाने सांगतात, ‘आमच्या अंबूबाईचे पाडे.’

तर अंबूबाईने कोपऱ्यातला निळा डबा ओट्यावर आणला. वेदिका मॅडम मांडी घालून समोर बसल्या, वही उघडली. स्नेहल मात्र खांबाला टेकून उभीच राहिली.

“हे चार बर्फाचे पॅक. आता यात नुसतं पानी हाय, पन तुम्ही गोठलेले समजा. मी केंद्रावर गेले की शिपाई मोठा फ्रीज उघडून देतो. मी पॅक काढते ते एकदम दगड. हात चिकटतो. कापडानं धरते नि या चार बाजूंना चार लावते, असे. मग मधल्या जागेत लसीची पिशवी. ती नीट खाली दाबते, पॅकला घट्ट लागंल अशी.”

“लगेच? फ्रीजमधून काढल्या काढल्या?”

“मग? वेळ कुठं हाय? नि वितळवायचं कशाला?” अंबूबाई रंगात आली होती. “वरून आनखी एक करते मी. ओलं पोतं गुंडाळते डब्याला. एकदा काय झालं, उन्हाळा असाच होता, वर पोचेपर्यंत आतलं समदं पानी झालं. त्या वेळचे डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले मला. औषध फेकून दिलं. एक बाई ओली बाळंतीन, चार मैल चालून आलेली, तशीच परत गेली. तवापासून मी ठरवलं, माझ्या डब्यात पानी दिसनार नाय. लोक म्हनतात पन, अंबूबाईचा डबा लय गारेगार.”

वेदिका मॅडमचं पेन थांबलं होतं.

“आधी डबा कोण भरायचं?”

“रंगनाथ भाऊ. फ्रीज सांभाळायला होते. सहा वर्षं झाली रिटायर होऊन. जागा काय भरली नाय कुनी, मग मीच भरायला लागले.” ती हसली. “मानूस चांगला, पन लय निवांत हो! पॅक काढायचे, टेबलावर मांडायचे नि चहा पीत बसायचे. अर्धा तास. मी म्हनायची, भाऊ, चला की, ऊन वर येतंय. ते पॅक उचलून कानाशी हलवायचे नि म्हनायचे, अजून नाय. मग पॅकला घाम फुटला की भरायचे. मी भरायला लागले तवा तो अर्धा तास पयला बंद केला.”

कुणीच हसलं नाही. स्नेहलने तोंड फिरवलं होतं.

“काय झालं?” अंबूबाईने विचारलं. “सिस्टर, काय झालं? औषध खराब निघालं काय? कसं निघंल? बाटलीवरचा चौकोन मी दर वेळी बघते. उन्हानं औषध मेलं की चौकोन काळा पडतो. एकोनीस वर्षांत एकदा बी काळा नाय दिसला. पांढराफेक.”

“चौकोन उन्हाचं सांगतो, मावशी,” वेदिका मॅडम म्हणाल्या. “थंडीचं नाही सांगत.”

त्यांनी पिशवीतून दोन लहान बाटल्या काढल्या. एक आज सकाळी केंद्रातल्या फ्रीजमधून घेतलेली. दुसरी मागच्या बुधवारी अंबूबाईच्या डब्यातून वर येऊन न उघडता परत गेलेली. त्या दिवशी मुलं कमी होती म्हणून उरली, आणि स्नेहलने ती बाजूला ठेवली होती. दोन्हींत दुधासारखं पांढुरकं औषध. मॅडमनी दोन्ही एकाच मुठीत धरून जोरात हलवल्या आणि ओट्याच्या सपाट दगडावर शेजारीशेजारी ठेवल्या.

“आता अर्धा तास बघायचं. हात लावायचा नाही.”

ऊन ओट्याच्या पायरीवर आलं होतं. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, मधेच योगिताचं गाणं. बाटल्या सावलीत, तिघीजणी त्यांच्याभोवती, एखाद्याच्या अंगात यायची वाट बघत बसावं तशा. मॅडम हळू आवाजात सांगत होत्या. रक्ताच्या कागदांत एक गोष्ट त्यांना आधी कळेना. चारही पाड्यांच्या मुलांत गोवराची ताकद होती, म्हणजे सुया खोट्या नव्हत्या, दिल्या गेल्या होत्या. पण घटसर्पाची ताकद जवळजवळ कुणातच नव्हती. खालच्या गावांतल्या मुलांत मात्र ती होती. केंद्र एक, फ्रीज एक, औषध एक.

“खालच्या गावांना डबा कसा जातो?” अंबूबाईने विचारलं, पण उत्तर तिला माहीत होतं. डबा गाडीने जातो. ड्रायव्हर कधी वेळेवर येत नाही. त्याची वाट बघत पॅक टेबलावर पडून राहतात, त्यांना घाम फुटतो.

“गोवराची लस गोठली तरी चालते,” मॅडम म्हणाल्या. “घटसर्पाची ही नाही चालत. गोठली की मरते.”

“काय चाललंय गं सकाळच्या पारी?” खालून आवाज आला. भागीबाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चालली होती. सत्तरी ओलांडली तरी ताठ. “दोन बाटल्या नि तीन बाया! अंबू, दुकान टाकलं काय?”

“बस की, मावशी,” अंबूबाईच्या तोंडून कसंबसं निघालं.

“बसून काय करू? लगीन हाय, कामं हायेत. आमची नात कालच गेली करंजपाड्याला, हळद दळायला. म्हनली, मी आता मोठी झाले, मी जात्यावर बसनार. तुमची कधी निघतेय? लवकर धाडा, नायतर मानाची जागा जायची.” भागीबाईने बाटल्यांकडे हनुवटी केली. “आनि सिस्टर, लग्नात सुया घेऊन येऊ नका हां. आमच्या पोरांची कार्डं भरलेली हायेत. अंबू साक्षीला हाय!” स्वतःच्याच बोलण्यावर हसत ती पुढे गेली.

करंजपाड्याचं नाव निघालं तेव्हा स्नेहलने वेदिका मॅडमकडे पाहिलं. अंबूबाईने ते पाहिलं.

“करंजपाड्यात काय हाय?”

स्नेहल तिच्याजवळ येऊन बसली, आज पहिल्यांदाच. “मावशी, तिथलं एक कुटुंब दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर होतं. आठ दिवसांपूर्वी परत आलं. त्यांची मुलगी काल नाशिकला दवाखान्यात नेली. ताप होता, गिळता येत नव्हतं. घशात...” तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि ती थांबली.

“राखेसारखा पडदा,” अंबूबाई म्हणाली. “नि मान सुजलेली.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

अंबूबाई बाटल्यांकडे बघत होती. डावीकडची अजून दुधाळ होती. उजवीकडच्या, तिच्याच डब्यातून परत गेलेल्या बाटलीच्या तळाशी चुरा बसायला लागला होता, आणि वर पाणी. नासलेलं दूध फाटतं तसं. बघता बघता वरचं पाणी आणखी नितळ झालं, तळचा थर आणखी जाड. तिने ही फाटलेली बाटली पूर्वी पाहिली होती. एकदा नाही, कितीतरी बुधवारी. वाटायचं, औषध बसलंय तळाला. ती बाटली नीट हलवून सिस्टरच्या हातात द्यायची, म्हणजे सिस्टरचा वेळ जायला नको.

“किती दिवसांचं?” तिने विचारलं.

“रंगनाथ भाऊ गेल्यापासूनचं धरायला लागेल,” वेदिका मॅडम म्हणाल्या. “सहा वर्षं. मावशी, ही तुमची एकटीची चूक नाही. ते पॅक बाहेर का ठेवायचे, हे तुम्हाला कुणी सांगायलाच हवं होतं. ती जागा भरायला हवी होती. मी हे सगळं लिहिणार आहे.”

“आणि मी,” स्नेहल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “सुई माझ्या हातून गेली ना. मी तरी बघायला पाहिजे होतं.”

अंबूबाईने दोघींचंही ऐकलं नाही म्हटलं तरी चालेल. तिच्या डोळ्यांसमोरून मांड्या जात होत्या. लहान लहान मांड्या, सुई गेल्यावर बसलेला लाल ठिपका, त्यावर तिने स्वतः धरलेला कापसाचा बोळा. ‘झालं हां, झालं, आता काय होत नाय तुला.’ हे वाक्य ती प्रत्येक पोराला म्हणायची. सहा वर्षं, दर बुधवारी.

खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला. मीना पिशवी घेऊन बाहेर आली. योगिता नव्या परकरात, हातभर हिरव्या बांगड्या, डोळ्यांत काजळ. “आजी, येते,” म्हणत ती पायऱ्या उतरायला लागली, आणि अंबूबाईने तिचा दंड धरला. जरा जास्तच जोरात. पोर दचकली.

“जीप जाऊ दे.”

“काय?” मीना थांबली.

“करंजपाड्याला जायचं नाय.”

“माझ्या भावाचं लगीन हाय, आई. का म्हून जायचं नाय?” मीनाचा आवाज चढला. “चार दिसांपासून भाकरी-पानी, सरपन, समदं करून ठेवलंय मी. आता काय काढलंत?”

“ताई, तिकडे जरा तापाची साथ आहे,” स्नेहल घाईने म्हणाली. “म्हणून आपण...”

“सिस्टर, थांबा.” अंबूबाईने सुनेकडे पाहिलं. “तिथल्या एका पोरीला घटसर्प झालाय.”

“अगं बाय.” मीनाने पिशवी खाली ठेवली, पण लगेच पुन्हा उचलली. “पन आपल्या योगीला काय हाय त्याचं? तिचं कार्ड पुरं हाय. तुम्हीच तर समद्या सुया दिल्यात तिला. पयली सुई तुमच्याच मांडीवर.”

“कार्ड पुरं हाय. औषध मेलेलं व्हतं.”

“कुनी मारलं?”

“माझ्या डब्यात मेलं. मी लय गार केलं म्हून.”

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. मागच्या बाजूने सोमा कोयता हातात घेऊन आला आणि बायकांची तोंडं बघून तिथेच उभा राहिला. मीना सासूकडे बघत होती. रागाने नाही, तर ओळखीच्या वाटेवर पाऊल टाकावं आणि खाली जमीनच नसावी, तशी. मग तिने योगिताला ओढून आपल्या पोटाशी धरलं.

“म्हंजे हिला काहीच नाय दिलेलं?”

“घटसर्पाचं नाय. दिलं ते न दिल्यासारखंच.”

“किती पोरांना?”

“चारी पाड्यांच्या.”

“आनि तुम्हाला आत्ता कळलं?”

“आत्ता.”

मीनाने दूर वळणाकडे पाहिलं. जीप निघाली होती, मागे धूळ. आत खालच्या पाड्यावरची पाचसहा पोरं दाटीवाटीने बसलेली, हात बाहेर काढून ओरडत होती. “ती बी चाललीत,” ती म्हणाली. “नि भागीआजीची नात तर कालच गेली. तिथंच झोपली असंल रात्री, दहा पोरांत.”

अंबूबाई उठली. “मॅडम, आधी फोन लावा. भागीबाईची नात. आनि जीप तिथं पोचायच्या आत कुनीतरी पायजे.”

वेदिका मॅडमनी फोन काढला. ओट्यावर रेंज नव्हती, गोठ्यामागच्या खडकावर चढावं लागलं. तिथून त्यांचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. करंजपाड्यावर पथक सकाळीच पोचलेलं होतं. आजारी मुलीच्या सोबतीत आलेल्या सगळ्यांना गोळ्या देणं सुरू होतं. जीपमधल्या मुलांना खालीच उतरवून घेणार होते. भागीबाईची नात सापडली होती, ती ठीक होती. फक्त सकाळपासून घसा खवखवतोय म्हणाली.

फक्त. अंबूबाईने तो शब्द ऐकला आणि खाली बसली.

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. “तिच्या घशातला नमुना घेतलाय. निकाल यायला वेळ लागेल. औषध मात्र आत्ताच सुरू केलंय. मावशी, घसा कशानेही खवखवतो. हळदीच्या धुळीनेही.” त्यांनी श्वास घेतला. “उद्या सकाळी इथे चारही पाड्यांच्या मुलांना नवी लस द्यायची आहे. डबा मी स्वतः भरून आणणार. मोठ्या साहेबांशी बोलले मी. ते म्हणाले, लोकांत घबराट नको. ‘सरकारकडून ज्यादा डोस आलाय’ एवढंच सांगा.”

“हो, तेच बरं,” स्नेहल म्हणाली. “खरं कळलं तर परत कुणी मांडी पुढे करणार नाही, मावशी. एकोणीस वर्षांचं सगळं जाईल. आणि तुम्हाला काय काय बोलतील.”

“ज्यादा डोसाला कोन येनार?” अंबूबाईने विचारलं. “उद्या हळद हाय. कार्डं भरलेली हायेत. मीच सांगितलंय समद्यांना, कार्ड भरलं की सुई संपली. भागीबाई काय म्हनाली ऐकलं ना आत्ता? ती ज्यादा डोसाला येनार नाय. ती नाय आली तर कोनी येनार नाय.”

“मग काय करायचं?” सोमा म्हणाला. “खरं सांगून तुला दगड मारून घ्यायचेत काय? लोक म्हनतील, अंबूनं पोरं मारली. नि त्या पोरीला काय झालं, तर भागी तुझं तोंड बघंल काय?”

“नाय बघनार.”

“मग?”

योगिता आईच्या कुशीतून सुटून ओट्यावर आली होती आणि दोन बाटल्यांपाशी उकिडवी बसून बघत होती, हात न लावता. कुणी सांगितलं नव्हतं तरी. अंबूबाईने नातीच्या गळ्याला खालून बोटं लावली, जबड्याच्या दोन्ही बाजूंना. मऊ होतं. पोर गुदगुल्या होऊन हसली.

“मॅडम,” ती म्हणाली, “भागीबाई औषधाकडं बघून देत नाय. मला बघून देते. तिला मी खोटं सांगितलं तर ती तोंडावरनं वळखंल, नि तिनं वळखलं की संपलं. चाळीस पोरं तशीच ऱ्हातील नि तो आजार करंजपाड्यातनं चालत वर येईल. खरं सांगितलं तर ती मला शिव्या देईल, केरसुनी बी मारंल. पन पोरं आनंल. मी तिला एकोनीस वर्षं बघतेय.”

“नक्की आणेल?” वेदिका मॅडमनी विचारलं.

“नक्की नाय सांगत.”

ऊन आता बाटल्यांपर्यंत पोचलं होतं. स्नेहलने त्या उचलल्या आणि पिशवीत ठेवल्या. मीना आत गेली. तिने तव्यावरची भाकरी उलटली असावी, करपल्याचा वास बाहेर आला.

“तुम्ही कागदावर लिहा काय लिहायचं ते,” अंबूबाई म्हणाली. “रंगनाथ भाऊंचं, रिकाम्या जागेचं, समदं लिहा. मला शिक्षा होईल तर होऊ द्या, नाय तर नाय. मी ते मागत नाय. मला एकच पायजे.”

“सांगा ना, मावशी.”

“उद्या भागीबाईच्या ओट्यावर समदी जमली की आधी मी बोलनार. मी बोलत असले तवर मला मधेच थांबवू नका.”